डहाणूत उमेदवार बदलायला किती दिवस मिळतात?

अमेरिकेतल्या मतदानाला 107 दिवस उरले असताना, 21 जुलै 2024 रोजी, 81 वर्षांच्या जो बायडन यांनी माघार घेतली. प्रकृतीची शंका उघड बोलली जात होती. पंधरवड्यात कमला हॅरिस पक्षाच्या अधिकृत उमेदवार झाल्या.

त्याच नोव्हेंबरात आपल्याकडे विधानसभेची निवडणूक होती. डहाणू मतदारसंघात, म्हणजे तलासरी तालुका आणि डहाणूचा बराचसा भाग, अर्जांची मुदत 29 ऑक्टोबरला संपली आणि मतदान 20 नोव्हेंबरला झालं. मधले दिवस 22. तेवढ्यात एखाद्या उमेदवाराने अंथरूण धरलं असतं तर?

4 नोव्हेंबरला दुपारी 3 वाजेपर्यंत, म्हणजे माघारीच्या मुदतीपर्यंत, एक वाट उघडी होती. पक्ष 'ब' नमुना देतो त्यात मुख्य उमेदवाराशेजारी पर्यायी उमेदवाराचं नाव लिहायची सोय असते. आपण त्याला डमी म्हणतो. मुख्य उमेदवाराने माघार घेतली की पक्षाची उमेदवारी डमीकडे जाते. पण मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, म्हणून डमीच्या अर्जावरही अनेकदा एकच सही घेतली जाते. छाननीत मुख्य अर्ज वैध ठरला की हा एका सहीचा अर्ज बाद होतो. 10 सूचक असतील तरच तो टिकतो.

3 वाजून गेले की आजारपणाला कायद्यात जागाच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 52 फक्त मृत्यू ओळखतं. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानाआधी गेला तर मतदान पुढे ढकलतात आणि पक्षाला नवं नाव द्यायला 7 दिवस मिळतात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत मध्य प्रदेशातल्या बैतूलला बसपाचे उमेदवार वारले, तेव्हा 26 एप्रिलचं मतदान 7 मे रोजी झालं. शुद्धीवर नसलेल्या उमेदवाराचं नाव मात्र यंत्रावर तसंच राहतं.

नाव राहणं म्हणजे काय, हे डहाणूने वेगळ्या कारणाने पाहिलं. मतदानाच्या आदल्या दिवशी बहुजन विकास आघाडीचे सुरेश पाडवी भाजपच्या बाजूने गेले. आजाराचा काही संबंध नव्हता, तरी यंत्रावरचं त्यांचं बटण हलणार नव्हतं. माकपचे विनोद निकोले 1,04,702 मतं घेऊन जिंकले, भाजपचे विनोद मेढा 99,569 वर थांबले. फरक 5,133. एवढ्याशा फरकाच्या जागी उमेदवार आजारी पडून प्रचाराला पाड्यांवर पोचलाच नाही, तर निकाल फिरू शकतो.

आणि माणूस बदलला की मतं आपोआप मागे येत नाहीत. तलासरीच्या कवाड्याचे भाजपचे चिंतामण वनगा 2014 मध्ये पालघर लोकसभा मतदारसंघातून 2,39,520 मतांनी निवडून आले होते. 30 जानेवारी 2018 रोजी ते अचानक गेले. 118 दिवसांनी पोटनिवडणूक झाली. त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले आणि भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावित यांना उमेदवारी दिली. गावित जिंकले, पण अवघ्या 29,572 मतांनी. वनगांसारखा माणूस उभा करायला पक्षाला वर्षानुवर्षं लागतात, त्याची जागा चार महिन्यांत भरत नाही.

डहाणू आणि पालघर या दोन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. इथे डमी म्हणून कार्यालयात हाताशी सापडेल त्याचं नाव लिहिणं हा मतदारांवर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे. डमीही लोकांना माहीत असलेला कार्यकर्ता हवा, आणि त्याच्या अर्जावर मतदारसंघातल्या 10 मतदारांच्या सह्या हव्यात. तेवढ्या सह्या एखाद्या पाड्यावर संध्याकाळी बसलं तरी मिळतात.