न्हाणीघरातील दिवा

आमच्या बुऱ्हाणपुरातील शाही किल्ल्याचा हमाम पाहावयास येणारे प्रवासी त्याच्या चित्रित छताकडे मान उंचावून पाहत राहतात. त्या छतास वाफेचे भय होते, विजेचे नव्हते. आमच्या आजच्या न्हाणीघरांत मात्र पाणी व वीज शेजारी नांदतात.

छतात बसविलेला 50 वॅटचा हॅलोजन दिवा बहुतेक वीज उष्णतेतच दवडतो. जवळजवळ तेवढाच प्रकाश एलईडी 6-7 वॅटमध्ये देतो. तेव्हा बदल अवश्य करावा, पण जाणतेपणाने.

प्रथम मेन स्विच बंद करावा. भिंतीवरील बटणावर विसंबू नये. जोडणी उलटी असल्यास बटण बंद असूनही दिव्यापाशी 230 व्होल्ट खेळत असतात. हॅलोजन पूर्ण निवू द्यावा. तो 12 व्होल्टचा असेल, तर जुना ट्रान्सफॉर्मरही काढावा. इतक्या अल्प भारावर तो पुष्कळदा नीट चालत नाही व दिवा लुकलुकतो. शॉवरच्या वर ‘आयपी 65’ अशी खूण असलेला दिवा घ्यावा. त्यातील 6 हा अंक धुळीपासून, तर 5 हा पाण्याच्या झोतापासून संरक्षण दर्शवितो. अर्थिंगचे टोक असेल, तर ते जोडलेच पाहिजे.

एमसीबी तारांचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. ओल्या अंगातून वीज सहज वाहते. म्हणून 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी घरात असावेच. वाचकहो, परवानाधारक वायरमनच्या मजुरीत काटकसर करण्याची ही जागा नव्हे. विजेच्या बिलातील बचत ती मजुरी यथावकाश फेडते. गेलेला जीव मात्र काहीच फेडू शकत नाही.