जठरातील जंतू आणि मानवी स्थलांतरे : यवतमाळच्या संदर्भात

रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे हेलिकोबॅक्टर पायलोरी या सर्पिल जंतूचे संवर्धन केले. जठरव्रणाचे खापर केवळ मनस्तापावर व तिखटावर फोडता येत नाही, हे त्यातून पुढे सिद्ध झाले. परंतु हा जंतू मानववंशशास्त्राच्याही तितकाच उपयोगी आहे. तो बहुधा बालपणीच, घरातल्या घरात, विशेषतः आईकडून मुलाकडे जातो आणि उपचारावाचून सहसा जठर सोडीत नाही. त्याच्या जनुकांत बदल त्वरेने घडतात. म्हणून मानवी जनुकांत अस्पष्ट राहिलेला भेद येथे वाचता येतो.

२००३ साली डॅनियल फालुश प्रभृतींनी जनुकक्रमांवरून या जंतूचे भौगोलिक गट पाडले. आफ्रिकेपासून दूर जावे तसतसे त्याचे वैविध्य घटते, आणि मानवाबरोबर तो सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून पसरला असावा, असा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला.

भारतातील पुरावा एकसुरी नाही. लडाखमधील बौद्ध व मुसलमान यांच्या जंतूंत भेद असल्याचे २००४ साली आढळले. बौद्धांच्या जंतूंत तिबेटी अंश होता, मुसलमानांच्या जंतूंत प्राचीन लडाखी अंश अधिक होता. उलट हैदराबादच्या नियाझ अहमद यांच्या चमूने २००७ साली तपासलेले सारे भारतीय नमुने युरोपीय गटात पडले. इंडो-आर्यांचे आगमन किंवा पश्चिमेकडून आलेली शेती यांच्याशी संशोधकांनी याचा संबंध सुचविला. मात्र युरोपीय वाणाने मूळच्या वाणांना हुसकावले असावे, ही शक्यताही त्यांनीच मांडली. ही दुसरी शक्यता दुर्लक्षून चालणार नाही.

यवतमाळ जिल्ह्याकडे पाहता तिचे महत्त्व ध्यानी येते. येथे मराठी व बंजाऱ्यांची गोरमाटी या आर्य भाषा आहेत. गोंडी व कोलामी या द्राविडी. कोलामांच्या एखाद्या पोडावर युरोपीय गटाचा जंतू सापडला, तर कोलाम पश्चिमेकडून आले असे त्यावरून मुळीच ठरत नाही. बाजार, कापूसवेचणी, एकच पाणवठा यांतूनही परका वाण घरात शिरतो. तथापि एकाच जठरात दोन वाण नांदले की त्यांच्यात जनुकखंडांची देवघेव होते, आणि हरलेल्या वाणाचे तुकडे जिंकणाऱ्याच्या जनुकसंचात उरू शकतात. तेव्हा शोध गटाच्या नावाचा नव्हे, तर अशा तुकड्यांचा घ्यावयास हवा.

वैद्यकालाही हा प्रश्न परका नाही. कॅग-ए या प्रथिनाचा पूर्व आशियाई प्रकार जठराच्या पेशींना पाश्चात्त्य प्रकारापेक्षा अधिक घातक ठरतो. भारतात संसर्ग विपुल असूनही जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आहे. हे कोडे केवळ वाणभेदाने सुटत नाही, आहार व यजमानाची प्रकृती यांचाही त्यात वाटा असणार.

नमुन्यांची अडचण मात्र व्यावहारिक आहे. दुर्बिणीने जठर तपासून घेतलेला तुकडा रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या रुग्णाचाच असतो. पोडावरच राहिलेला माणूस त्या गणतीत येत नाही. शिवाय नोंदीत रुग्णाचा तालुका लिहून भागत नाही. जंतू बहुधा आईकडून आलेला असतो, म्हणून तिचे माहेर कोणत्या गावचे, हेही विचारावे लागते.