न झालेल्या पश्चात्तापाची गोष्ट

उत्क्रांतीचा विषय निघाला की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो: "पण शेवटी डार्विननंच सगळं मागे घेतलं होतं ना?" शाळेत, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत, लग्नाच्या पंगतीत, आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातही. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, त्या वेळच्या वादातही मी तो ऐकला. विचारणारा बहुधा प्रामाणिक असतो, त्यानं ते कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. म्हणून शांतपणे उत्तर द्यायचं ठरवतो. पण शंभर वर्षांपूर्वी खोडून काढलेली गोष्ट दर वेळी तितक्याच खात्रीनं सांगितली जाते, तेव्हा शांत राहणं अवघड होतं.

मूळ कथा अशी. १८८१ च्या शरद ऋतूतली दुपार. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या डाऊन या खेड्यात म्हातारा चार्ल्स डार्विन अंथरुणाला खिळलेला आहे. अंगावर जांभळा झगा, हातात बायबल. भेटायला आलेल्या लेडी होप नावाच्या धर्मप्रचारक बाईंना तो व्याकूळ होऊन सांगतो, की आपण तरुण होतो, विचार कच्चे होते, लोकांनी त्यांचाच धर्म करून टाकला. मग तो विनंती करतो, की बागेतल्या घरात नोकरचाकर आणि शेजारी जमतील, त्यांच्यापुढे तुम्ही येशूबद्दल बोला.

ही हकीकत पहिल्यांदा छापून आली ती ऑगस्ट १९१५ मध्ये, अमेरिकेतल्या 'वॉचमन-एक्झॅमिनर' या बाप्टिस्ट साप्ताहिकात. डार्विन वारला १९ एप्रिल १८८२ रोजी. मधली तेहतीस वर्षं सांगणाऱ्या बाई गप्प होत्या. विज्ञानाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला माणूस आपल्यासमोर पस्तावला, हे ज्या बाईनं डोळ्यांनी पाहिलं आणि जिचं सगळं आयुष्य धर्मप्रचारात गेलं, तिनं एवढा काळ ते सांगितलं नाही, यावर विश्वास ठेवायला मला जमत नाही.

लेडी होप हे काल्पनिक पात्र मात्र नव्हे. एलिझाबेथ कॉटन हे तिचं माहेरचं नाव. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या गोदावरीवर आंध्रात धवलेश्वरमला ज्यांनी बंधारा बांधला, त्या सर आर्थर कॉटन यांची ती मुलगी. दारूबंदीसाठी तिनं इंग्लंडमध्ये पुष्कळ काम केलं. अॅडमिरल होप यांच्याशी लग्न झाल्यानं ती 'लेडी' झाली. १९११ मध्ये ती दिवाळखोर ठरली, पुढं अमेरिकेला गेली आणि तिथल्या नॉर्थफील्डच्या धर्मसभेत तिनं ही आठवण सांगितली. ती १९२२ मध्ये वारली. इतिहासकार जेम्स मूर यांनी या एका दंतकथेवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. १८८१ मध्ये ती कधी तरी डार्विनच्या घरी गेलीही असेल, ही शक्यता ते नाकारत नाहीत. पण भेट झाली असणं वेगळं आणि डार्विननं सिद्धान्त मागे घेणं वेगळं.

आता तारखा पाहू. त्या शरद ऋतूत डार्विन काय करत होता, हे जवळपास आठवड्यागणिक सांगता येतं, कारण त्याचा पत्रव्यवहार जपला गेला आहे. सुमारे पंधरा हजार पत्रं केंब्रिजच्या डार्विन पत्रव्यवहार प्रकल्पानं तारीखवार लावून तीस खंडांत छापली. एकोणतिसावा खंड १८८१ चा आणि तिसावा १८८२ चा. ऑक्टोबर १८८१ मध्ये त्याचं गांडुळांवरचं पुस्तक बाजारात आलं आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात तो बायकोबरोबर केंब्रिजला मुलाकडे, होरेसकडे राहायला गेला. अंथरुणाला खिळलेला माणूस प्रवासाला निघत नाही. हृदयाचं दुखणं गंभीर झालं ते डिसेंबरनंतर. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस लुडविग ब्यूखनर आणि एडवर्ड एव्हलिंग हे दोन उघड नास्तिक त्याच्याकडे जेवायला आले होते. तुम्ही स्वतःला नास्तिक कशाला म्हणवता, अज्ञेयवादी म्हणणं पुरे नाही का, असा प्रश्न डार्विननंच त्यांना केला. आणि ख्रिस्ती धर्माला पुराव्याचा आधार सापडला नाही म्हणून चाळिशीत आपण तो सोडला, हेही सांगितलं. हा वृत्तान्त एव्हलिंगनं १८८३ मध्ये, म्हणजे लेडी होपच्या बत्तीस वर्षं आधी छापला.

आणि १८८२? फेब्रुवारीत नॉर्थॅम्प्टनच्या डब्ल्यू. डी. क्रिक नावाच्या हौशी निसर्ग-अभ्यासकाचं पत्र आलं. त्याला एक पाणभुंगा सापडला होता आणि भुंग्याच्या पायाला एक चिमुकला शिंपला घट्ट धरून बसला होता. गोड्या पाण्यातले शिंपले एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पोचतात कसे, हा डार्विनचा जुना प्रश्न. आजारी म्हाताऱ्यानं उलट प्रश्न पाठवले, नमुना मागवला आणि ६ एप्रिलच्या 'नेचर'मध्ये टिपण छापलं. पुढच्या दोन आठवड्यांत तो गेला. क्रिकचा नातू म्हणजे डीएनएची रचना उलगडणारा फ्रान्सिस क्रिक. ज्यानं आपलं आयुष्यभराचं काम चुकीचं मानलं, तो मरणाच्या तोंडावर त्याच कामातला एक बारका पुरावा छापण्यासाठी धडपडला असता का, हे गोष्ट सांगणाऱ्यांनी स्वतःला विचारावं.

घरच्यांनी काय म्हटलं? मुलगी हेन्रिएटा हिनं फेब्रुवारी १९२२ मध्ये 'द ख्रिश्चन' या नियतकालिकात स्वच्छ लिहिलं: मी वडिलांच्या मृत्युशय्येपाशी होते, लेडी होप त्या किंवा कुठल्याच आजारपणात तिथे नव्हती, वडिलांनी आपली शास्त्रीय मतं कधीही मागे घेतली नाहीत. मुलगा फ्रान्सिस यानंही हे खोटं असल्याचं सांगितलं. पत्नी एमा हिनं टिपून ठेवलेले शेवटचे शब्द असे, की मरणाची मला जराही भीती वाटत नाही, तू किती चांगली पत्नी होतीस ते लक्षात ठेव, आणि मुलांनाही सांग की ती माझ्याशी किती चांगली वागली.

इथे एक शंका येते आणि ती योग्य आहे: घरच्यांनीच काही लपवलं नसेल कशावरून? लपवलं होतं. डार्विननं १८७६ मध्ये मुलांनातवंडांसाठी आत्मचरित्र लिहायला घेतलं. १८८७ मध्ये फ्रान्सिसनं ते छापलं, पण धर्माविषयीचे काही उतारे एमाच्या इच्छेनुसार गाळून. ते परत घातले गेले १९५८ मध्ये, नात नोरा बार्लो यांनी. पण गाळलं काय होतं, ते बघा. ख्रिस्ती धर्म सोडण्याची कारणं आणि अश्रद्धांना चिरंतन नरक मिळतो या शिकवणीवरची कडवट टीका. म्हणजे कुटुंबानं दडवली ती त्याची अश्रद्धा. पश्चात्तापाची एक ओळ जरी सापडली असती, तरी श्रद्धाळू एमानं ती सर्वांत आधी छापली असती.

पत्रांची साक्ष त्याहून थेट आहे. नोव्हेंबर १८८० मध्ये फ्रेडरिक मॅकडर्मॉट नावाच्या वकिलानं विचारलं, की तुमची पुस्तकं वाचून नव्या करारावरची माझी श्रद्धा जाणार नसेल तरच ती वाचीन, तेव्हा तुमचा त्यावर विश्वास आहे की नाही ते एका शब्दात कळवा. उत्तर मी छापणार नाही, असंही त्यानं लिहिलं. २४ नोव्हेंबरला उत्तर गेलं: कळवायला वाईट वाटतं, पण बायबल हे ईश्वरी साक्षात्कार आहे असं मी मानत नाही, त्यामुळे येशू ईश्वराचा पुत्र आहे हेही मानत नाही. मॅकडर्मॉटनं शब्द पाळला. ते पत्र २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १,९७,००० डॉलरना विकलं गेलं.

पश्चात्तापाची गोष्ट सांगणाऱ्यांना एवढं सुनावल्यावर दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही बोलायला हवं. आपल्याकडच्या विवेकवादी सभांत डार्विन देवाविरुद्ध दंड थोपटून उभा असल्यासारखा रंगवला जातो. तोही खरा नाही. मे १८७९ मध्ये जॉन फोर्डाइस यांना त्यानं लिहिलं, की माझं मन हेलकावे खातं, पण देवाचं अस्तित्वच नाकारणारा नास्तिक मी कधीच नव्हतो. अज्ञेयवादी हे वर्णन त्यातल्या त्यात बरोबर. त्याच्या एकोणीस वर्षं आधी अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ आणि श्रद्धाळू ख्रिस्ती एसा ग्रे याला तो म्हणाला होता, की जिवंत अळीच्या शरीरात पिल्लं वाढवणारी गांधीलमाशी दयाळू देवानं हेतुपुरस्सर निर्माण केली, हे मला पटत नाही. पण हे अद्भुत विश्व निव्वळ आंधळ्या बळानं झालं असंही मानवत नाही. गावचे पाद्री ब्रॉडी इन्स त्याचे जुने मित्र. मतं जुळत नसूनही दोघांचा पत्रव्यवहार चालूच राहिला आणि गावातल्या गरिबांच्या कोळसा-कपडा मंडळाचे हिशेब डार्विन ठेवत असे. मला हा माणूस दोन्ही बाजूंच्या पोस्टरांवरच्या डार्विनपेक्षा फार मोलाचा वाटतो.

त्याचा खरा धर्मविचार झाला तो घरात, एमाशी. २९ जानेवारी १८३९ रोजी त्यांचं लग्न झालं. ती त्याची मामेबहीण. लग्नाआधीच त्यानं तिला आपल्या शंका सांगितल्या होत्या. वडिलांनी तसं न करण्याचा सल्ला दिला होता, तरीही. लग्नानंतर लवकरच तिनं त्याला पत्र लिहिलं, एकाच घरात राहून, कारण हे बोलण्यापेक्षा लिहिणं तिला सोपं गेलं. सिद्ध झाल्याशिवाय काहीच मानायचं नाही ही शास्त्रातली सवय, जे सिद्ध करताच येत नाही अशा गोष्टींनाही तू लावत नाहीस ना, एवढीच तिची काळजी. मरणानंतर आपण एकमेकांचे राहणार नाही की काय, ही भीती तिला खात होती. डार्विननं ते पत्र जन्मभर जपलं आणि त्याखाली लिहून ठेवलं, की मी गेल्यावर तुला कळू दे, हे पत्र मी कितीदा ओठांना लावलं आणि कितीदा त्यावर रडलो. पण मत बदललं नाही. ज्या बाईवर त्याचा एवढा जीव, तिच्या सुखासाठीसुद्धा त्यानं मानत नाही ते मानतो म्हटलं नाही. मग ते क्वचित भेटलेल्या पाहुणीला सांगून टाकलं असतं हे कसं मानायचं?

याच घरातली दुसरी समजूत, की लाडकी मुलगी अॅनी गेली आणि त्या दिवशी डार्विन नास्तिक झाला. ती दहा वर्षांची असताना एप्रिल १८५१ मध्ये मॉल्व्हर्न या गावी वारली. एमाला दिवस गेलेले असल्यानं ती घरी होती आणि तो मुलीच्या उशाशी बसून एमाला दररोज पत्र लिहीत होता: आज थोडं पाणी प्यायली, आज ओळखलं, आज आशा वाटते. ती पत्रं वाचवत नाहीत. हे दुःख त्याला शेवटपर्यंत पुरलं. पण शंका बारा वर्षांपूर्वीच होत्या, एमाचं पत्रच त्याचा पुरावा; आणि अश्रद्धा इतकी हळूहळू आली की तिचा त्रासही जाणवला नाही, असं त्यानं स्वतः लिहिलं आहे.

बाकीचे गैरसमज लवकर उरकू. डार्विननं निसर्ग-अभ्यासक वॉलेसची नैसर्गिक निवडीची कल्पना चोरली? ती कल्पना मांडणारं वॉलेसचं पत्र जून १८५८ मध्ये पोचलं. डार्विननं जुलै १८४४ मध्येच सविस्तर निबंध लिहून, मी मेलो तर हा छाप आणि त्यासाठी चारशे पौंड खर्च कर, असं पत्र एमासाठी ठेवलं होतं. १ जुलै १८५८ ला दोघांचं लिखाण लिनियन सोसायटीत वाचलं गेलं तेव्हा डार्विन तिथे नव्हता; तीन दिवसांपूर्वी त्याचा दीड वर्षाचा मुलगा गेला होता. 'बळी तो कान पिळी' हा त्याचा सिद्धान्त नाही, आणि 'सर्वांत योग्य तो टिकतो' हा शब्दप्रयोगसुद्धा हर्बर्ट स्पेन्सरचा. वॉलेसनं पत्रातून आग्रह केल्यावर डार्विननं तो 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८६९ च्या आवृत्तीत घेतला. आनुवंशिकतेवरचा मेंडेलचा निबंध त्याच्या कपाटात न वाचता पडून नव्हता. तो त्याच्या संग्रहात सापडलेलाच नाही. वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं म्हणजे चर्चनं त्याला श्रद्धाळू मानलं असंही नाही. कुटुंबाला गावातलीच जागा हवी होती, अॅबीसाठी खटपट केली ती शास्त्रज्ञ मित्रांनी आणि खासदारांनी.

मार्क्सनं 'भांडवल' डार्विनला अर्पण करू का विचारलं आणि त्यानं नकार दिला, ही कथा डाव्या मंडळींत अजून चालते. मार्क्सनं १८७३ मध्ये ग्रंथाची प्रत पाठवली, डार्विननं आभार मानले, बहुतेक जोडलेली पानं मात्र कापून उघडलीच नाहीत, एवढं खरं. नकाराचं पत्र १३ ऑक्टोबर १८८० चं आहे आणि ते आहे एव्हलिंगला, त्याच्या डार्विनवरच्या पुस्तकाबद्दल. एव्हलिंग पुढे मार्क्सच्या मुलीचा, एलिनॉरचा जोडीदार झाला, दोघांचे कागद एकत्र आले आणि १९३१ मध्ये सोव्हिएत नियतकालिकानं ते मार्क्सला आलेलं समजून छापलं. घोटाळा सुटायला १९७० चं दशक उजाडलं. नकाराची कारणं वाचण्यासारखी आहेत: धर्मावर थेट हल्ला केल्यानं लोकांवर फारसा परिणाम होत नाही, विज्ञानाच्या वाढीबरोबर मनं हळूहळू उजळतात, शिवाय अशा हल्ल्याला मी हात दिला तर घरातल्या काहींना दुःख होईल.

आणि तो जगापासून तुटलेला एकांतवासी होता हेही खरं नाही. प्रकृतीमुळे तो बाहेर कमी पडे, पण सुमारे दोन हजार माणसांशी त्याचा पत्रव्यवहार होता, त्यांत कबुतरं पाळणारे, माळी, घोड्यांचे व्यापारी, मिशनरी सगळे होते. भारतातूनही टपाल येई. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ १८५५ मध्ये त्याला इथल्या गुरांबद्दल, कोंबड्यांबद्दल, कबुतरांबद्दल पानंच्या पानं लिहीत होता, आणि मद्रासकडच्या वॉल्टर इलियट यांनी कबुतरांची कातडी पाठवली होती. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या पहिल्याच प्रकरणात डार्विननं या दोघांची नावं घेऊन ऋण नोंदवलं आहे.