मूळ पोथी, छापील ग्रंथ आणि डिजिटल प्रत : केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयावरून कांहीं विचार

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पोथीचीं सर्व पानें एकदां यंत्रानें टिपून घेतलीं, म्हणजे मूळ पोथी जपण्याची दगदग कशाला ? जागा अपुरी, कसर व दमट हवा हे नित्याचे शत्रु, आणि घरांतील पुढच्या पिढीस मोडी वाचतां येत नाहीं. अशा स्थितींत संगणकावर प्रत आहे एवढ्यावर समाधान मानून दप्तरें निकालांत काढलीं जातात. उलट पक्षीं, प्रत काढूं दिली तर आपल्या संग्रहाचें मोल उतरेल ह्या भयानें पोथीस कोणाचा हात लागूं न देणारे संग्राहकहि आहेत. हे दोन्ही पक्ष एकाच गैरसमजावर उभे आहेत, असें आमचें मत आहे. मूळ वस्तु आणि तिची प्रत ह्या एकमेकींची जागा घेऊं शकतात, हा तो गैरसमज होय. त्याचें निरसन केवळ तर्कानें करण्यापेक्षां, जेथें दोन्ही प्रकारचे संग्रह मोठ्या प्रमाणावर सांभाळले जातात अशा एखाद्या ग्रंथालयाचा वृत्तांत पाहणें अधिक उपयोगी. म्हणून इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठाचें ग्रंथालय आम्हीं येथें उदाहरणार्थ घेतलें आहे.

ह्या ग्रंथालयाची सध्यांची इमारत १९३४ सालीं उघडली. संग्रहांतील वस्तूंची संख्या सुमारें १ कोटि असून मांडण्यांची लांबी २०० किलोमीटरांहून अधिक भरते. १७१० च्या कायद्यानें, प्रसिद्ध होणाऱ्या ग्रंथांच्या प्रति मिळविण्याचा हक्क ज्या मोजक्या ग्रंथालयांस लाभला, त्यांपैकीं हें एक होय. त्यामुळें ग्रंथ वाढतच जातात; जागा मात्र त्या मानानें वाढत नाहीं. ह्यावर उपाय म्हणून २०१८ सालीं जवळच्या ईली येथें एक स्वतंत्र भांडार उघडण्यांत आलें. तेथील मांडण्या ११ मीटर उंच असून त्यांची एकंदर लांबी १०० किलोमीटरांवर आहे. क्वचित् मागितले जाणारे ग्रंथ तेथें ठेवतात, व मागणी आली म्हणजे वाचकांसाठीं परत आणतात. डिजिटल साधनें सर्वत्र पसरल्यानंतरहि छापील ग्रंथांसाठीं एवढी मोठी कोठी नव्यानें बांधावी लागली, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी.

संग्रहाची पहिली शिस्त म्हणजे वस्तूचा क्रमांक. केंब्रिज येथें संस्कृतांतील सुमारें १,६०० कृतींच्या पोथ्या आहेत. त्यांतील मोठा भाग डॅनियल राइट ह्यानें १८७३ ते १८७६ च्या दरम्यान नेपाळांतून मिळविला. हा गृहस्थ काठमांडूच्या ब्रिटिश रेसिडेन्सींत शस्त्रवैद्य होता. ह्या पोथ्यांची सूचि सेसिल बेंडाल ह्यानें १८८३ सालीं छापली. ह्या संग्रहांत 'पारमेश्वरतंत्रा'ची एक ताडपत्री पोथी असून तिचा क्रमांक 'अ‍ॅड. १०४९' हा आहे. पोथीवर संवत् २५२ असा आंकडा आहे. पूर्वीच्या पंडितांनीं तो हर्षसंवत् मानून पोथी इ. स. च्या नवव्या शतकाच्या मध्याची ठरविली. पुढें नेपाळांतील लेखांच्या अभ्यासावरून तो इ. स. ५७६ पासून मोजल्या जाणाऱ्या संवताचा आंकडा ठरला, आणि पोथीचा काळ इ. स. ८२८ असा आला. काळाची नोंद असलेल्या संस्कृत पोथ्यांत ती अत्यंत जुन्यांपैकीं एक गणली जाते.

येथें मत बदललें, काळ बदलला, क्रमांक मात्र तोच राहिला. १८८३ ची छापील सूचि, मधल्या काळांतील लेख आणि आजची संगणकावरील नोंद ह्यांची सांगड त्या एका क्रमांकानेंच बसते. संगणकावरील नोंद दुरुस्त करणें सोपें. पण दुरुस्ती होतांच जुना मजकूर बहुधा दिसेनासा होतो. छापील सूचि तो धरून ठेवते. कोणत्या विद्वानानें कोणत्या आधारें काय म्हटलें होतें हें ठरवावयाचें झाल्यास दोन्हींची गरज लागते. आपल्याकडेहि हाच अनुभव आहे. मुंबई सरकारच्या पोथीशोधांत १८६८ पासून बूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटर्सन प्रभृतींनीं जमविलेल्या पोथ्या १९१८ सालीं डेक्कन कॉलेजांतून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आल्या. तथापि संग्रहाचें वर्ष व त्या वर्षांतील अनुक्रम ह्या जुन्या अंकनानेंच त्यांचा उल्लेख आजहि करतात. पोथीचें घर बदललें तरी तिचा क्रमांक बदलूं नये. बदलणें अपरिहार्य झाल्यास जुना क्रमांक नव्यापुढें अवश्य द्यावा.

आतां डिजिटल प्रतीपासून होणारा लाभ पाहूं. केंब्रिजचें डिजिटल ग्रंथालय डिसेंबर २०११ मध्यें न्यूटनच्या कागदपत्रांनीं सुरू झालें. त्याच वर्षीं संस्कृत पोथ्यांची नवी सूचि करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, तें २०१४ पर्यंत चाललें. त्यांत सुमारें ५०० पोथ्यांचीं चित्रें घेण्याचें योजिलें होतें. ज्या पोथीसाठीं पूर्वीं समुद्र ओलांडावा लागे, ती आज पुण्यास किंवा नाशकास बसून विनामूल्य पाहतां येते. पुसट मात्रा मोठी करून ताडतां येते. चित्रांच्या देवघेवीचा आयआयआयएफ नांवाचा जो संकेत आतां रूढ झाला आहे, त्याच्या साह्यानें निरनिराळ्या ग्रंथालयांतील पानें एकाच पडद्यावर शेजारीं शेजारीं ठेवतां येतात. एकाच पोथीचीं पानें दोन देशांत विखुरलेलीं असतां ही सोय किती मोलाची, हें संग्राहकांस सांगणें नको. शिवाय प्रत्येक वाचकासाठीं ताडपत्रें उलगडावीं न लागल्यानें मूळ पोथीची झीजहि टळते.

तथापि चित्रांत न येणारें पुष्कळ असतें. कागदाची जाडी, उजेडासमोर धरल्यावर दिसणारी जलखूण, शिवणीचा दोरा, हरताळ लावून बुजविलेलें अक्षर, बोरूचा पानावर उमटलेला दाब, ह्या गोष्टी साध्या छायाचित्रांत येतीलच असें नाहीं. दौलताबादी कागद कोणता व विलायती कोणता, हें हातास जितकें कळतें तितकें पडद्यावर कळत नाहीं. टिपणाऱ्यानें कोरीं पानें वगळलीं तर दोन लेखनांमधील खंड नाहींसा होतो. रुमालांतील चिठ्ठी वगळली तर पोथी कोणाच्या घरची हा पुरावाच जातो. आम्हांस आज न सुचलेले प्रश्न पुढील अभ्यासक विचारणार. त्यांचीं उत्तरें केवळ मूळ वस्तूंतच सांपडण्याचा संभव असतो.

प्रत काढण्याच्या कामींहि सावधगिरी लागते, हें ह्याच ग्रंथालयांतील एका प्रसंगावरून दिसतें. चार्ल्स डार्विनच्या १८३७-३८ मधील दोन टिपणवह्या (त्यांपैकीं एकींत जीवजातींच्या वंशवृक्षाची सुप्रसिद्ध आकृति आहे) २००० सालीं छायाचित्रणासाठीं सुरक्षित कोठडींतून बाहेर काढल्या गेल्या. जानेवारी २००१ मधील नित्याच्या तपासणींत त्यांची पेटी जागेवर नसल्याचें आढळलें. त्या दुसऱ्याच मांडणीवर ठेवल्या गेल्या असाव्यात असें समजून प्रथम शोध चालला; अखेर नोव्हेंबर २०२० मध्यें, त्या चोरीस गेल्या असाव्यात असें ग्रंथालयानें जाहीर केलें. ९ मार्च २०२२ रोजीं त्या एका गुलाबी पिशवींत, ग्रंथालयाच्याच इमारतींत, सुस्थितींत ठेवलेल्या आढळल्या. मधलीं २१ वर्षें मजकूर उपलब्ध होता, चित्रें होतीं. वह्या तेवढ्या नव्हत्या. चित्रें आहेत म्हणून त्या वह्यांवर कोणीं पाणी सोडलें नाहीं, हें आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावें. दुसरा बोध असा कीं, प्रत काढण्याच्या निमित्तानें वस्तु जागेवरून हलते; म्हणून ती कोणीं, केव्हां नेली व केव्हां परत ठेवली ह्याची लेखी नोंद त्याच दिवशीं झाली पाहिजे, आणि संग्रहाची मोजदाद ठराविक मुदतीनें व्हावयास पाहिजे.

डिजिटल प्रतीचीं स्वतःचीं दुखणींहि आहेत. ताडपत्र पांच-सातशें वर्षें दुर्लक्षांत पडूनहि वाचतां येतें. डिजिटल प्रतीस असें दुर्लक्ष सोसत नाहीं. तबकडी बिघडते, ती वाचणारें यंत्र बाजारांतून जातें, लेखनाचें स्वरूप जुनें होतें. पुष्पिकेंत लेखक तेल, पाणी व सैल बांधणी ह्यांपासून पोथी राखण्याची विनंती करीत. डिजिटल प्रतीचे शत्रु निराळे, इतकेंच. म्हणून मूळ चित्र टिफसारख्या स्वरूपांत कांहीं न गाळतां ठेवतात, व त्यावरून वाचकांसाठीं जेपेगसारखी हलकी प्रत करतात. मूळ चित्राच्या निदान तीन प्रति असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक परगांवीं असावी.

शिवाय प्रत्येक धारिकेवरून गणितानें एक अंक काढून ठेवतात. त्यास आम्ही पडताळा-अंक म्हणूं. धारिकेंतील अल्पसा भाग बदलला तरी हा अंक निराळा येतो. कांहीं काळानें तो पुनः काढून जुन्या नोंदीशीं ताडला म्हणजे बिघाड ध्यानांत येतो. वाचकांस ही कल्पना परकी वाटूं नये. वैदिकांनीं पद, क्रम, जटा, घन ह्या पाठांनीं संहितेचा वर्ण न् वर्ण बांधून ठेवला. पोथीच्या अखेरीस ३२ अक्षरांचा एक ग्रंथ ह्या मानानें जें ग्रंथाग्र लिहीत, त्यावरून लेखकाची मजुरी ठरे, तसाच मजकूर गळला कीं वाढला ह्याचाहि अदमास येई. मात्र पडताळा-अंक बिघाड दाखवितो, तो दुरुस्त करीत नाहीं. दुरुस्तीस दुसरी शुद्ध प्रतच लागते.

शेवटचा प्रश्न स्वामित्वाचा. मांडणीवरील ग्रंथ ग्रंथालयाचा असतो. संगणकावर दिसणारा ग्रंथ पुष्कळदां केवळ कराराच्या मुदतीपुरता असतो. ब्रिटनमध्यें २०१३ पासून डिजिटल प्रकाशनांसहि ग्रंथसमर्पणाचा कायदा लागू झाला, व अनेक प्रकाशक छापील प्रतीऐवजीं डिजिटल प्रत देऊं लागले. अशी प्रत हक्कदार ग्रंथालयाच्या वास्तूंतच, आणि एका ग्रंथालयांत एका वेळीं एकाच वाचकास पाहतां येते. ह्यासाठीं सहा हक्कदार ग्रंथालयांची समाईक यंत्रणा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्यें लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर खंडणीखोरांनीं हल्ला केला. तिची मुख्य सूचिदेखील जानेवारी २०२४ मध्यें वाचकांस पुनः पाहतां आली. हल्ला लंडनवर झाला, परंतु यंत्रणा समाईक असल्यानें केंब्रिजच्या वाचकांसहि समर्पित डिजिटल ग्रंथ मिळेनासे झाले. केंब्रिजच्या मांडणीवरील छापील ग्रंथ मात्र त्या काळांतहि वाचकांच्या हातीं येत होते.

ह्यावरून कागदच तेवढा निर्भय असें अनुमान काढणें चुकीचें होईल. लूव्हेन विद्यापीठाचें ग्रंथालय ऑगस्ट १९१४ मध्यें जर्मन सैन्यानें जाळलें, तेव्हां शेंकडों हस्तलिखितें भस्मसात् झालीं. आपल्या भांडारकर मंदिरावर ५ जानेवारी २००४ रोजीं झालेला हल्लाहि कोणी विसरलेलें नाहीं. अमेरिकेंतील स्टॅन्फर्ड विद्यापीठांत १९९९ सालीं लॉक्स नांवाची योजना निघाली. एकाच नियतकालिकाच्या डिजिटल प्रति अनेक ग्रंथालयांनीं स्वतंत्रपणें ठेवाव्या, त्या आपसांत ताडाव्या, व एक बिघडल्यास दुसरीवरून दुरुस्त करावी, असें तिचें सूत्र आहे. ग्रंथरक्षणाचें तत्त्व जुनेंच आहे. एका गांवची पोथी जळाली तरी दुसऱ्या गांवच्या मठांत तिची प्रत असे, म्हणूनच आपलें वाङ्मय उरलें.

तेव्हां आमच्या संग्राहक बंधूंस आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. प्रत्येक पोथीस व रुमालास क्रमांक द्यावा आणि तो कधींहि बदलूं नये. चित्रें घ्यावयाचीं तर कोरीं पानें, वेष्टन व चिठ्ठ्या ह्यांसह घ्यावीं, आणि चित्राच्या नांवांत तोच क्रमांक घालावा. पडताळा-अंक काढून ठेवावेत. एक प्रत एखाद्या संशोधन मंडळाकडे द्यावी, आणि ती कोणास दाखवावी ह्याचा लेखी करार करावा; त्यानें संग्रहाचें मोल उतरत नाहीं, उलट त्याचा उल्लेख ग्रंथांतून होऊं लागतो. सूचीची एक छापील प्रत कागदावर असूं द्यावी. आणि हें सर्व झाल्यावर मूळ पोथी कोरड्या जागीं, घट्ट रुमालांत बांधून परत ठेवावी. घरांत तिची सोय होत नसेल तर ती रद्दींत न टाकतां जवळच्या संस्थेस द्यावी. पोथी एकदां रद्दींत गेली म्हणजे तिच्या चित्रावरील शंकेचें निरसन करावयास कोणताच आधार उरत नाहीं.