बारा पानांची कशेळी

कशेळी हे राजापूर तालुक्यातले गाव रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण ३५ किलोमीटरवर आहे. सकाळी निघून दिवेलागणीला घरी परतता येईल, इतके जवळ. वाटाड्याची गरज पडत नाही. देवळापाशी कोणालाही विचारले तरी सड्याकडची, म्हणजे कातळी पठाराकडची, आणि देवघळीकडची वाट कळते. अलीकडे समाजमाध्यमांवर देवघळीच्या कड्याची छायाचित्रे फिरू लागल्यापासून गावात गाड्या पुष्कळ येतात; त्यातल्या बहुतेक कड्यावरून समुद्र पाहून तासाभरात निघून जातात. कशेळीचे खरे धन त्यांच्या नजरेस पडतच नाही. ते धन तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले आहे आणि त्याला आठशेहून अधिक वर्षे झाली आहेत.

वाटेवरच्या ठिकाणांबद्दल नवे सांगण्यासारखे थोडे. काजळी नदीच्या मुखावरचा भाट्याचा पूल ओलांडला की सुरूबन आणि १९५५ साली सुरू झालेले नारळ संशोधन केंद्र लागते. पुढे पावस येते, तिथे स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे. मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगडाचा आटोपशीर किल्ला आणि पलीकडच्या तीरावर गावखडीचा किनारा. दुपारी किल्ल्याचे दगड तापतात, म्हणून तो जाताना सकाळीच पाहिलेला बरा. मात्र तिथे फार वेळ काढू नये, कारण कशेळीच्या सड्यावर ऊन तिरपे असतानाच पोचायला हवे.

या सड्यावर कोकणातील सर्वांत मोठ्या कातळशिल्पांपैकी एक आहे. जांभ्याच्या सपाट कातळात कोरलेल्या या हत्तीची लांबी सुमारे १८ मीटर आणि रुंदी सुमारे १३ मीटर. त्याच्या अंगावर आणि भोवती कित्येक लहानमोठे प्राणी, पक्षी, मासे आहेत. कोरीव रेषा उथळ असल्यामुळे सूर्य डोक्यावर आला की त्यांच्यातली सावली हरपते आणि कातळ कोरा दिसू लागतो. पावसाळ्यात शेवाळ आणि गवत सगळे झाकून टाकतात. दिवाळीनंतर गवत वाळू लागल्यावर आकृती मोकळ्या होतात. शिल्पावर पाय न देता कडेने फिरावे, हे सांगायला नको, तरीही सांगावे लागते.

ही शिल्पे गुराख्यांना आणि गावकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. परंतु सडे पायाखाली घालून त्यांची पद्धतशीर नोंद केली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. रत्नागिरीच्या मंडळींनी स्वतःच्या सुट्ट्या खर्चून उभे केलेले हे काम विद्यापीठांच्या प्रकल्पांना मान खाली घालायला लावील असे आहे. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत कोकणच्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणे गेली. त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातली : उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. यातल्या बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या निमित्ताने २०२३ साली जो संघर्ष पेटला, तो सर्वांना ठाऊक आहे. चिरेखाणींचा धोका मात्र कोणत्याही प्रकल्पाशिवाय, रोजचाच आहे.

हत्ती किती जुना, याचे उत्तर सहज मिळत नाही. तुलनेसाठी एक उदाहरण घेऊ : इंग्लंडात ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या उफिंग्टन गावाच्या टेकडीवर सुमारे ११० मीटर लांबीचा पांढरा घोडा आहे. चर खणून त्यात खडू भरून तो काढलेला आहे. मातीच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजण्याची पद्धत १९९०च्या दशकात तिथे वापरली गेली आणि घोडा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा ठरला. तिथे पुरलेली माती होती, म्हणून हे जमले. कोकणच्या सड्यावर उघडा कातळ. दर पावसाळ्यात तो धुऊन निघतो, त्यामुळे मोजण्याजोगे थर शिल्पावर साचून राहत नाहीत. म्हणून इथले काळाचे अंदाज चित्रविषय, शैली आणि आसपास सापडणारी दगडी हत्यारे यांवर बेततात आणि ते मध्याश्मयुगापासून इतिहासकाळाच्या आरंभापर्यंत पसरतात. उफिंग्टनकरांनी पिढ्यान्‌पिढ्या गवत उपटून, नवा खडू ठोकून घोडा राखला, नाहीतर तो केव्हाच नाहीसा झाला असता. कातळशिल्पांना अशी डागडुजी लागत नाही, पण राखणारे गाव त्यांनाही लागतेच.

सड्यावरून गावात उतरले की कनकादित्याचे देऊळ येते. सभामंडपाच्या लाकडी छतावरचे कोरीवकाम मान वर करून सावकाश पाहण्यासारखे आहे. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची सूर्यमूर्ती. दक्षिण कोकणात सूर्याची देवळे तशी मोजकीच. परुळ्याचा आदिनारायण आणि कशेळीचा कनकादित्य ही त्यांतली ठळक नावे. याच देवस्थानाकडे तो ताम्रपट जपलेला आहे.

ताम्रपट शिलाहार राजा दुसरा भोज याचा, शके १११३, म्हणजे इसवी सन ११९१ मधला. तिथी आषाढ शुद्ध चतुर्थी, पर्व दक्षिणायन संक्रांतीचे. दान कशेळी गावाचे. दान घेणारा गोविंदभट्ट. आणि दानाचा हेतू : रोज बारा ब्राह्मणांना भोजन. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या शिलाहार लेखसंग्रहात तो समाविष्ट आहे. मिराशी स्वतः देवगड तालुक्यातल्या कुवळ्याचे. तो भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. म्हणजे आपल्याच मुलखातला हा दस्तऐवज त्यांनी अभ्यासकांपुढे ठेवला.

भोज हा कोल्हापूरच्या शिलाहारांचा अखेरचा राजा. पन्हाळ्यावरून राज्य करणाऱ्या या घराण्याने बाराव्या शतकात घाटाखालचे दक्षिण कोकणही हाताखाली घेतले होते. खारेपाटणच्या बाजूला सत्ता असलेली शिलाहारांचीच दुसरी शाखा तोवर संपली होती. पन्हाळ्याच्या राजाने किनाऱ्यावरचे एक गाव अन्नदानासाठी तोडून द्यावे, यात पुण्याचा भाग आहेच. पण नव्या मुलखात आपल्या शब्दाला बांधलेली, लिहिती-वाचती वस्ती रुजवण्याचा व्यवहारही त्यात दिसतो. दानपत्र तांब्यावर कोरण्याचे कारणही व्यावहारिकच होते. भूर्जपत्र किंवा कापड कोकणच्या पावसात टिकत नाही, आणि राजा बदलला तरी दान घेणाऱ्याच्या वंशजांना हक्काचा पुरावा हाताशी हवा असतो. तशी वेळ लवकरच आली. १२१२च्या सुमारास देवगिरीच्या सिंघण यादवाने भोजाचा पराभव केला आणि राज्य यादवांकडे गेले. भोजाचे सिंहासन दानानंतर जेमतेम वीस वर्षे टिकले. त्याच्या शब्दाचा तांब्याचा पत्रा अजून गावात आहे.

बारा पानांचा हिशेब मांडून पाहावा. रोज बारा म्हणजे वर्षाला चार हजार तीनशेहून अधिक पाने. एका पिकावर जगणाऱ्या, समुद्र आणि सडा यांच्या बेचक्यातल्या गावाने स्वतः खाऊन एवढा तांदूळ दरसाल उरवायचा. याचा अर्थ ११९१ साली कशेळी ही रानातली चार घरे नव्हती. शेते लागलेली, उत्पन्न ठरलेले, वसूल घेणारी व्यवस्था बसलेली, असे ते गाव होते. त्या पानांत मिरची नव्हती, बटाटा नव्हता. काजूही नव्हता, कारण ही सगळी पोर्तुगीजांच्या गलबतांतून पुढे तीनशेहून अधिक वर्षांनी आली. आज कशेळीच्या वाटेवर दुतर्फा दिसणाऱ्या काजूच्या बागा भोजाच्या कशेळीला अनोळखी होत्या.

आता देवाची कथा. सौराष्ट्रात प्रभासपट्टणला सूर्यमंदिर होते. अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीच्या वेळी तिथल्या मूर्ती वाचवण्यासाठी गलबतात घालून दक्षिणेकडे पाठवल्या. कशेळीसमोर गलबत अडले, पुढे हलेना. तेव्हा एक मूर्ती कड्यातल्या गुहेत ठेवली आणि गलबत मार्गस्थ झाले. गावात कनका नावाची सूर्योपासक कलावंतीण राहत होती. तिला दृष्टान्त झाला, तिने गावकऱ्यांना सांगितले, मूर्ती वाजतगाजत आणून स्थापन केली आणि देवाला तिच्या नावाने कनकादित्य म्हणू लागले. ती गुहा म्हणजे देवघळी.

खिलजीच्या फौजा गुजरातेत गेल्या त्या १२९९ साली. ताम्रपट त्याच्या १०८ वर्षे आधीचा. कथा जशीच्या तशी धरली, तर गाव आणि त्याचे अन्नदान देवापेक्षा शंभर वर्षांनी जुने ठरते. काहींना हे खटकते. दान दक्षिणायनाच्या पर्वावर दिले, म्हणजे सूर्यदेव इथे आधीपासूनच असणार, असा तर्कही करता येतो. पण संक्रांतीचे पर्व दानासाठी त्या काळी सर्वत्रच पसंत केले जाई, तेवढ्यावरून देऊळ उभे करता येत नाही. दुसरी शक्यता अधिक विचार करण्यासारखी आहे. प्रभासावर त्याहून जुनी, गझनीच्या महमूदाची स्वारी १०२५-२६ सालची. लोककथेत जुन्या आक्रमकाच्या जागी नंतरचा, अधिक लक्षात राहिलेला आक्रमक बसणे अगदी स्वाभाविक. तसे झाले असेल तर देव आणि दान यांचा क्रम जुळतो. मात्र पुराव्याच्या बळावर बोलायचे तर ११९१ साल पक्के आहे आणि मूर्तीचे साल नाही, इतकेच म्हणता येते.

या कथेत कनकेकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. ताम्रपटात राजा आहे, दान घेणारा आहे, जेवणारे आहेत. रांधणारे, पेरणारे कोणी नाहीत. त्या काळच्या दानपत्रांची रीतच तशी. आणि इकडे गावाच्या स्मरणात मात्र देवाची ओळखच एका कलावंतिणीच्या नावाने राहिली. मंदिराला जमिनी देणाऱ्या पुरुषांची नावे देवाला चिकटली नाहीत, तिचे चिकटले. ती खरोखर होऊन गेली की नाही यापेक्षा, प्रतिष्ठितांच्या वस्तीने तिचे नाव पुसून टाकले नाही, ही गोष्ट मोलाची आहे.

देवघळी पाहावी ती हे सगळे माहीत करून घेतल्यानंतर, उन्हे कलताना. कडा सरळ तुटलेला आहे आणि लाटा खाली कपारीत घुसून उसळतात. पावसाळ्यात काठाशी जाणे जिवावर बेतू शकते. ज्यांना उत्सव पाहायचा असेल त्यांनी रथसप्तमीला यावे. तेव्हा पाच दिवस देऊळ गजबजलेले असते. कनकादित्याचे लग्न कालिकावाडीच्या कालिकादेवीशी लागलेले आहे अशी श्रद्धा असून त्या नात्याचे सोहळे याच दिवसांत होतात. बाहेरगावी पांगलेली, कनकादित्य कुलदैवत असलेली कुटुंबे तेव्हा परत येतात. त्यामुळे गर्दी नको असलेल्याने मात्र इतर दिवस निवडावा.

कशेळीपासून थोड्याच अंतरावर आडिवरे आहे. भोजाच्या ताम्रपटात कशेळी ज्या कंपणात, म्हणजे गावांच्या ज्या गटात सांगितली आहे, तो गट अट्टविरे या नावाचा. ते अट्टविरे म्हणजेच हे आडिवरे. महाकालीचे मोठे देवस्थान इथे आहे आणि जवळच वेत्येचा किनारा. अंधार पडण्यापूर्वी हे दोन्ही उरकते. देवीहसोळ आणि रुंढे तळीची कातळशिल्पे याच फेरीत बसवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांना वेगळा दिवस द्यावा. स्वतःचे वाहन नसणाऱ्यांनी नाटे-जैतापूरच्या बाजूला जाणाऱ्या एसटीची परतीची वेळ सकाळीच रत्नागिरीच्या स्थानकावर विचारून घ्यावी.