तक्रार खरी, आळ खोटा

लेखमाला : राजकारणातील माफी (लेखांक ४)

मागच्या लेखांकात अमेरिकी नेते जेसी जॅक्सन यांची १९८४ मधील माफी पाहिली. न्यूयॉर्कच्या ज्यूंबद्दल खासगीत काढलेले अपशब्द छापून आल्यावर त्यांनी सिनेगॉगमध्ये जाऊन चूक कबूल केली होती. आज पाहू माफी नाकारल्याचे उदाहरण.

१० डिसेंबर २०१९ रोजी अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीच्या ग्रीनव्हिल भागात दोन बंदूकधाऱ्यांनी एका कोशर (ज्यू आहारनियमांनुसार माल विकणाऱ्या) किराणा दुकानावर हल्ला केला. दुकानात तिघे मारले गेले. त्याआधी जवळच्या दफनभूमीत त्यांनी एका पोलीस अधिकाऱ्याचा जीव घेतला होता.

ही वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील घरे परवडेनाशी झाल्यावर हसिदी या कर्मठ पंथाची काही ज्यू कुटुंबे इथे राहायला आली. घर विका म्हणून दारोदार मागे लागणाऱ्या दलालांचा जुन्या रहिवाशांना जाच होत होता, आणि तो आवरण्यासाठी शहराला नियमही करावा लागला होता.

हत्याकांडानंतर काही दिवसांतच शहराच्या शिक्षण मंडळाच्या सदस्या जोन टेरेल-पेज यांनी फेसबुकवर लिहिले, की ज्यू समाजातील दांडगे लोक घरे विकण्यासाठी कृष्णवर्णीयांना धमकावत होते. पुढे त्यांनी विचारले, हल्लेखोरांना काय सांगायचे होते, हे समजून घेण्याचे धैर्य आपल्यात आहे का? म्हणजे काही दलालांच्या वागण्याचा जाब अख्ख्या समाजाला, आणि तोही हत्याकांड नुकतेच झालेले असताना.

राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी आणि शहराचे तेव्हाचे महापौर स्टीव्हन फुलॉप, दोघेही डेमोक्रॅट, यांनी टेरेल-पेज यांचा राजीनामा मागितला. फुलॉप यांचे आजी-आजोबा नाझींच्या ज्यू-संहारातून वाचलेले. उलट हडसन काउंटीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कृष्णवर्णीय गटाने भाषेशी असहमती दाखवली, पण त्यामागच्या प्रश्नांची दखल घ्यायला हवी असे म्हटले. टेरेल-पेज यांनी पश्चात्ताप नसल्याचे सांगितले आणि राजीनामा दिला नाही.

घरांविषयीची तक्रार खरी होती. तिच्या आड समाजावर घेतलेला आळ मात्र खोटा होता. चांगली माफी आळ मागे घेते आणि तक्रार जिवंत ठेवते. फेब्रुवारी २०१९ मध्ये डेमोक्रॅट खासदार इल्हान ओमर यांनी इस्रायलला मिळणाऱ्या पाठिंब्यामागे पैसा असल्याचे सुचवले, तेव्हा स्वपक्षाच्याच नेतृत्वाने माफीची मागणी केली. ओमर यांनी ती मागितली, मात्र लॉबिंगवरची टीका सोडली नाही. उलट रिपब्लिकन मार्जोरी टेलर ग्रीन यांनी मे २०२१ मध्ये मास्कसक्तीची तुलना नाझींनी ज्यूंवर लादलेल्या पिवळ्या ताऱ्याशी केली. जूनमध्ये होलोकॉस्ट संग्रहालय पाहून त्यांनी माफी मागितली, आणि जुलैत लसीकरण मोहिमेला पुन्हा नाझींचीच उपमा दिली. माफी शब्दांत मागितली तरी तिची परीक्षा पुढच्या वागण्यात होते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. १९८७ मध्ये याच जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याने भारतीयांना शहरातून हाकलण्याची धमकी वृत्तपत्राला पत्र लिहून दिली होती, आणि भारतीयांवर हल्लेही झाले. टोळक्याचे नावच कपाळावरच्या टिकलीवरून (‘डॉट’) घेतलेले होते. तेव्हा आपल्याला शेजाऱ्यांचा आधार हवा होता. आज कोणत्याही समाजावर सरसकट आळ येतो तेव्हा तोच आधार आपण द्यायला हवा. विरोधी पक्षाच्या नेत्याकडे माफीची मागणी करणे सोपे असते. आपण ज्याला मत दिले, त्याच्याकडे ती आधी करावी.

पुढील लेखांक : ब्रिटनचा मजूर पक्ष आणि समानता व मानवाधिकार आयोगाचा २०२० चा अहवाल.