खेळणाऱ्या मुलीचा गुडघा

मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एका आईने मला बाजूला घेतलं. पोरगी नववीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळते. उडी मारून खाली आली, गुडघा आतल्या बाजूला वळला, 'कट्' असा आवाज झाला आणि दोन तासांत गुडघा टम्म सुजला. पुढचे तीन आठवडे मालिश चालली. आता सूज उतरलीय, पण जिना उतरताना गुडघा निसटल्यासारखा होतो. आईने विचारलं, "सिस्टर, हिचं खेळणं आता बंद करू ना? उद्या कोणी लंगडी म्हटलं तर लग्न कसं व्हायचं?"

मुलगी शेजारीच उभी राहून सगळं ऐकत होती. मी दोघींना खाली बसवलं आणि अमेरिकेतल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहिते.

तिचं नाव पेज बेकर्स. जन्म 2001 चा, मिनेसोटा राज्यातला. हॉपकिन्स नावाच्या सरकारी शाळेच्या मोठ्या मुलींच्या संघात ती आठवीतच खेळू लागली. 2019 मध्ये त्या संघाने राज्याचं विजेतेपद मिळवलं. तिथे शाळेतला खेळ गंमत म्हणून सोडून देत नाहीत. कॉलेजांची माणसं शाळांचे सामने बघायला येतात आणि चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्ती देऊन घेऊन जातात. मुलींना ही दारं आपोआप उघडली नाहीत. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असा कायदा तिथे 1972 मध्ये झाला आणि त्यानंतर शाळा-कॉलेजांत मुलींचे संघ झपाट्याने वाढले. कायद्याने काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

2020 मध्ये पेज कनेक्टिकट विद्यापीठात गेली. पहिल्याच वर्षी देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरली. पहिल्या वर्षाच्या मुलीला हा मान तोपर्यंत मिळाला नव्हता. 2021 च्या उन्हाळ्यात एक मोठा पुरस्कार घेताना ती मंचावरून बोलली, ते आपल्या घरांत सांगण्यासारखं आहे. ती स्वतः गोरी. या खेळात काळ्या मुलींचं योगदान एवढं मोठं असताना वर्तमानपत्रं आणि टीव्ही त्यांना हक्काची जागा देत नाहीत, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

डिसेंबर 2021 मध्ये एका सामन्यात तिच्या डाव्या गुडघ्याजवळ नडगीच्या हाडाचा वरचा भाग मोडला आणि सांध्यातली गादीही फाटली. ऑपरेशन झालं, फेब्रुवारीच्या अखेरीस ती परत आली. ऑगस्ट 2022 मध्ये सरावाच्या खेळात त्याच गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं. पुन्हा ऑपरेशन, आणि पुढचा पूर्ण हंगाम बाकावर बसून. ती सामन्यात पुन्हा उतरली ती नोव्हेंबर 2023 मध्ये, म्हणजे पंधरा महिन्यांनी.

हे लिगामेंट काय असतं ते नीट समजून घ्या. गुडघ्याच्या आत, मधोमध, दोरखंडासारखे दोन पट्टे एकमेकांना फुलीसारखे छेदतात. त्यातला पुढचा पट्टा नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही आणि गुडघा पिळवटू देत नाही. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. तो फाटायला धक्का लागावाच असं नाही. बहुतेक वेळा मुलगी एकटीच असते. धावता धावता अचानक थांबते, वळते किंवा उडीवरून उतरते, आणि गुडघा आत झुकतो. बास्केटबॉलमध्ये मुलांपेक्षा मुलींना ही इजा साधारण तिप्पट होते. मुलीची शरीररचना हे एक कारण आहे. दुसरं कारण असं की वयात येताना उंची आणि वजन वाढतं, पण कंबर आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद त्या मानाने वाढत नाही. मुलं लहानपणापासून गल्लीत उड्या मारत असतात आणि मुलींना आपण दहाव्या वर्षीच घरात घेतो. यात आपला दोष किती, ते तुम्हीच बघा.

खूण लक्षात ठेवा. आवाज आला, काही तासांत सूज आली, पायावर भार टाकला की गुडघा दगा देतो, तर खेळ तिथेच थांबवायचा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावायचा, पट्टी बांधायची, पाय उशीवर उंच ठेवायचा. मालिश, शेक, ओढाताण यातलं काहीही नको. हाडवैद्याकडे तर नकोच. मी अस्थिरोग वॉर्डात काम केलंय. ओढून 'बसवलेले' गुडघे मी पाहिले आहेत, त्यांच्यात जे वाचण्यासारखं होतं तेही गेलेलं असायचं. एक्स-रे 'नॉर्मल' आला म्हणून निर्धास्त होऊ नका. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ हाताने गुडघा तपासतात आणि गरज वाटली तर एमआरआय सांगतात.

प्रत्येकीला ऑपरेशन लागतंच असं नाही. काहींचं व्यायामावर निभावतं. पण उड्या आणि वळणं असलेल्या खेळात परतायचं असेल तर बहुधा ऑपरेशन सुचवतात. त्यात मुलीच्याच शरीरातला एक स्नायूबंध काढून फाटलेल्याच्या जागी बसवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनचं नाव सांगून आधी विचारा. ऐकीव माहितीवर पैसे उसने काढू नका.

ऑपरेशनपेक्षा त्यानंतरचे महिने अवघड. बसवलेला बंध शरीरात मुरायला वेळ घेतो. मधल्या काळात दुखणं थांबतं आणि मुलीला वाटतं, झालं बरं. फसगत होते ती इथेच. नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरू नये, असं आता सांगतात. पंचवीस वर्षांखालच्या ज्या खेळाडू पुन्हा मैदानात येतात, त्यांच्यापैकी साधारण चार-पाचांत एकीचा तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा जातो. पेजने पंधरा महिने घेतले, कारण तिला ते मिळाले. शिष्यवृत्ती कोणी काढून घेतली नाही, फिजिओथेरपिस्ट होते, जेवण होतं, आणि 'हिचं लग्न कसं होईल' असं विचारणारं कोणी नव्हतं.

मग 6 एप्रिल 2025 ला तिच्या विद्यापीठाने राष्ट्रीय अंतिम सामना 82-59 असा जिंकला. आठच दिवसांनी व्यावसायिक लीगच्या निवडीत डॅलस विंग्ज संघाने तिला पहिल्या क्रमांकावर घेतलं. या लीगमध्ये तेव्हा तेरा संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त बारा खेळाडू, म्हणजे सगळ्या मिळून दीडशेच्या आसपास जागा. तिचा पहिल्या वर्षाचा करार 78,831 डॉलरचा होता, म्हणजे सुमारे 67 लाख रुपये. त्याच वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या मुलाला वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त मिळाले. तिथेही बाई म्हणून एवढा फरक आहे. ऑगस्टमध्ये पेजने एका सामन्यात 44 गुण केले आणि हंगामाअखेर नवोदितांमधली सर्वोत्तम ठरली. दोनदा ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर.

तिला मिळालेली यंत्रणा आपल्याकडे नाही. पण गुडघा वाचवणारी एक गोष्ट फुकट आहे, आणि नियमित केली तर ही इजा जवळपास निम्म्याने कमी होते. खेळाआधी पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. हळू धावणं, मग आडवं धावणं. एका पायावर तोल सांभाळणं. मैत्रिणीने घोटे धरून ठेवायचे आणि गुडघ्यावर उभं राहून सावकाश पुढे झुकायचं, त्याने मांडीचा मागचा भाग घट्ट होतो. शेवटी उडी. पायरीवरून खाली उतरताना गुडघे वाकलेले, पंजांच्या रेषेत, एकमेकांकडे न झुकता, आणि आवाज होता कामा नये. समोरून कोणीतरी बघावं किंवा मोबाइलवर चित्रण करावं. स्वतःला आपला गुडघा झुकलेला कळत नाही. पेव्हर ब्लॉकवर आणि भावाच्या मोठ्या बुटांत उड्या नकोत, मातीचं मैदान शोधा.

पोटाकडेही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. दमलेली मुलगी वेडीवाकडी उतरते. शाळेत मिळणारी लोहाची गोळी जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. डाळ, अंडं, सुकट, शेंगदाणे-गूळ यात खेळणाऱ्या मुलीचा वाटा भावाइतकाच हवा. खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने चुकली तर तिच्यावर संशय घेऊ नका. ती पुरेसं खात नसेल. डॉक्टरांना दाखवा.

त्या मुलीला आम्ही सरकारी रुग्णालयात नेलं, पुढच्या आठवड्यात एमआरआयची तारीख आहे. मालिश बंद आहे. विहारामागच्या मातीच्या पट्ट्यावर रविवारी सकाळी बाकीच्या मुली उड्यांचा सराव करतात, आणि कोणाचा गुडघा आत जातो ते समोर खुर्चीवर बसून ही ओरडून सांगते.